चार्ज दिल्याशिवाय

१

आत्या परदेशी निघाली तेव्हा बॅगेत सगळं होतं, फक्त सोबत नव्हती. सोबत यायची होती एक्सरेबाई, म्हणजे तिच्याच हॉस्पिटलात हाडांचे फोटो काढण्यात जन्म घातलेली मैत्रीण. ऐन निघायच्या तोंडावर ती बाथरूममध्ये घसरली आणि घोटा मोडून बसली. "आयुष्यभर दुसऱ्यांची हाडं बघितली," ती फोनवर रडता रडता हसली, "आता माझं बघायला सगळा विभाग जमलाय. तू मात्र जा गं. माझ्यापायी घरी बसलीस ना, तर दुसरा घोटा मी मुद्दाम मोडून घेईन."

घरी वहिनीनं कपाळाला हात लावला. "एकटी? आणि तिथली भाषा?"

"वहिनी, सगळी नोकरी वॉर्डात काढली मी. शुद्धीवर नसलेल्यांशी बोलले, मग शुद्धीवरच्यांशी बोलता येणार नाही होय?"

दादा खो खो हसला. भाच्यानं तिच्यासाठी नवे बूट आणले. त्यातला डावा चालताना च्यँव करायचा. "चोरी तेवढी करू नकोस हं आत्या," तो म्हणाला. त्याची आत्या म्हणून ती अख्ख्या इमारतीची आत्या झालेली. लग्न केलं नाही, भावाच्या घरात मागची खोली हेच तिचं घर. आईचं अर्धांग, वडिलांचा दमा, वहिनीची बाळंतपणं, भाच्याचा टायफॉईड, दादाचं हृदय, सगळं तिच्या हातून निस्तरलं. हॉस्पिटलातून निवृत्त झाली, पण घरातून कोण निवृत्त करतंय?

आणि म्हणूनच एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर तिनं एक खोली घेऊन ठेवली होती. एकच खोली, पण दार स्वतःचं. किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. परत आल्यावर भावाला एकच वाक्य सांगायचं होतं, "दादा, मी आता वेगळी राहणार." एवढंसं वाक्य, पण ते तिच्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं. विमानात तिनं ते मनात घोकलं, खिडकीकडे बघून ओठ हलवून म्हणून पाहिलं. शेजारच्या माणसाला वाटलं, बाई जप करतेय.

२

पहिले दिवस मजेत गेले. भाषेचा एक शब्द कळत नव्हता आणि त्यानं काही अडतही नव्हतं. भूक लागली की बोट दाखवायचं, पोट भरलं की हात हलवायचा, आभाराला हसायचं आणि कोणी काहीही म्हटलं की मान डोलवायची. मान डोलवण्यात ती पटाईत होती. जो पेशंट काय बोलतोय तेच कळत नाही, त्यालाही "हो, हो, कळलं" म्हणून मान डोलवली की तो शांत होतो, हे ती पहिल्या वर्षीच शिकली होती.

ती पूल बघायची, चौकातले पुतळे बघायची, बाकावर बसून माणसं बघायची. एकदा बाकावर बसल्याबसल्या तिच्या लक्षात आलं, की इथे आल्यापासून आपल्याला कोणी हाकच मारलेली नाही. ना 'आत्या', ना 'सिस्टर', ना 'अगं जरा इकडे ये'. तिला इतकं हलकं वाटलं की ती तिथे एकटीच हसली.

ते घर तिला चुकून सापडलं. गल्ली चुकली आणि समोर दोन मजली जुनं घर आलं, दाराशी तिकिटाची पेटी. अशी घरं तिकडे बघायला ठेवतात म्हणे. कोणीतरी राहून गेलेलं, भांडीकुंडी जिथल्या तिथे, खोल्यांच्या दारांना आडवी दोरी. दारावर तिच्याच वयाची एक बाई होती. करडा स्वेटर, पायात लोकरी सपाता. चेहरा असा दमलेला, की आत्याला वाटलं, हिला रात्रपाळी लागलीय की काय.

आतली लाकडी जमीन लख्ख पुसलेली. आत्यानं काही विचारच केला नाही. घर म्हणजे घर. उंबऱ्याशी वाकली, बूट काढले आणि मोजे घालून आत शिरली. इतर बघे बूट खडखडवत फिरत होते. दारावरची बाई मात्र आत्याच्या बुटांकडे बघतच राहिली. मग ती सावकाश वाकली, बूट उचलले, फिरवून टोकं रस्त्याकडे करून ठेवले आणि आत्याकडे बघून हसली.

किती चांगल्या रीतीची बाई, असं आत्याला वाटलं. आपल्याकडे तरी पाहुण्याचे जोडे कोण असे फिरवून ठेवतं?

३

वरच्या मजल्यावर टोकाला आजाऱ्याची खोली होती. पलंग, उशाशी पाण्याचा पेला, अर्धवट ओढलेला पडदा, बाजूला सरळ पाठीची खुर्ची. लोक दोरीपलीकडून डोकावायचे आणि पुढे जायचे, कारण बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

आत्या मात्र थांबली. चादर चुरगळलेली होती, आणि गादीत खड्डा होता.

आता तुम्ही म्हणाल, जुनी गादी, खड्डा असणारच. पण जन्मभर ज्यानं बिछाने घातले त्याला रिकामा बिछाना आणि नुकताच रिकामा झालेला बिछाना यातला फरक डोळे मिटून कळतो. जुन्या गादीचा खड्डा मधे असतो, पसरट असतो. हा खड्डा माणसाचा होता. खांद्याशी रुंद, कमरेशी खोल, आणि पायथ्याशी टाचांच्या दोन खुणा.

आजूबाजूला कोणी नव्हतं. चुरगळलेली चादर बघून हात स्वस्थ बसेनात. "असू दे गं, तुझी ड्युटी आहे का?" ती स्वतःलाच म्हणाली आणि म्हणताम्हणताच दोरी उचलून आत गेली. चादर ताणली, कोपरे दुमडून गादीखाली घट्ट खोचले, उशी झटकली. कामाला लागलेल्या हातांना बरं वाटलं. चादरीवरून शेवटचा हात फिरवताना तिला जाणवलं की मधली जागा कोमट आहे.

वळून पाहिलं तर दारावरची बाई खोलीच्या दारात उभी. आत्या ओशाळली, दोन्ही हात जोडले. पण ती बाई रागावली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

रस्त्यावर आल्यावर आत्यानं स्वतःची समजूत घातली. दुपारचं सामसूम असतं, बिचारी जरा अंग टाकत असेल पलंगावर. आपण आल्याची चाहूल लागली, उठली. म्हणून कोमट, आणि पकडली गेली म्हणून रडवेली. सरळ गोष्ट आहे! एवढं पटल्यावर तिला बरं वाटलं. चार पावलं गेल्यावर आठवलं, की दारावरची बाई ठेंगणी आहे. टाचांच्या खुणा पार पायथ्याशी होत्या.

४

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. कुठे जावं कळेना, आणि पाय त्या गल्लीकडे वळले. कोरडी जागा आहे, ओळखीचा एक चेहरा आहे, एवढंच कारण, असं तिनं ठरवलं.

तिनं बूट काढले, बाईनं ते फिरवून ठेवले, आणि मग स्वतः पुढे होऊन वरच्या खोलीची दोरी काढून घेतली. आत्याला खुर्चीत बसवलं. कोमट पाणी आणून दिलं. नातेवाइकासारखं करत होती. आत्यानं मान डोलवली.

पलंगावर चादर परत चुरगळलेली होती. खड्डा कालच्याच जागी होता. उशाशी पेला काल भरलेला होता, आज अर्धा. आत्यानं उठून मुकाट्यानं चादर सारखी केली. बाई बाजूला उभी राहून बघत होती, शिकाऊ पोरीचं काम मोठ्या सिस्टर बघतात तशी. शेवटचा कोपरा खोचल्यावर तिनं समाधानानं मान हलवली.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होती. "मजेत ना? ऐक, ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. तू आलीस की लगेच करायचं. मी डॉक्टरांना सांगितलं, घरात हक्काची सिस्टर आहे, बाई कशाला लावायची? तू आहेस म्हणून मला घोर नाही बघ."

"हो," आत्या म्हणाली. "बघू आल्यावर."

फोन ठेवला आणि तिला एकदम रडू आलं. वेगळं राहायचं ते वाक्य आता कुठल्या तोंडानं सांगायचं? ऑपरेशन झालं की काहीतरी दुसरं निघणार, मग तिसरं. तिथल्या तिथे, त्या परक्या खोलीत, डोळ्यांना रुमाल लावून ती बसली. दारावरची बाई जवळ आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बोलली काहीतरी हळू आवाजात. शब्द कळला नाही, पण अर्थ कळायला शब्द लागतातच कुठे! मीही दमलेय, असंच ती म्हणत होती.

५

परतीच्या आदल्या दिवशी आत्या तिसऱ्यांदा गेली. निरोप घ्यायला, असं ती मनाला सांगत होती. माणुसकीनं वागलेल्या बाईला न भेटता जाणं बरं दिसत नाही. बाईसाठी तिनं फळं घेतली होती. ऊन पडलं होतं, भर सकाळ होती, घरात दुसरं कोणी नव्हतं.

बाई वाटच बघत होती. तिनं फळं बाजूला ठेवली, आत्याचा हात धरला आणि तिला थेट वरच्या खोलीत नेलं.

तिथे तिनं पलंगाकडे बोट दाखवलं आणि काहीतरी सांगितलं. मग पेला दाखवला. बोटानं खूण केली, एवढाच भरायचा, काठापर्यंत नाही. मग पडदा, अर्धाच ओढायचा, उजेड डोळ्यांवर येतो. मग उशी झटकली, ह्या कुशीवरून त्या कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. छातीवर हात ठेवून श्वास वर-खाली करून दाखवला, भुवया उंचावल्या. हे बघत राहायचं. आत्या प्रत्येक खुणेला मान डोलवत गेली. "हो. हो. कळलं." एक शब्द येत नसताना तिला सगळं कळत होतं, आणि त्याचंच तिला नवल वाटत होतं. इतकं ओळखीचं कसं वाटतंय हे?

मग बाईनं अंगातला करडा स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. पलंगाशी वाकून रिकाम्या उशीला दोन शब्द बोलली. आत्याकडे हात दाखवला. आणि निघाली.

ती जिना उतरली तेव्हा आत्याला उमगलं. हा चार्ज होता! पाळी बदलताना वॉर्डात रोज हेच चालायचं. जाणारीनं खाटेखाटेशी उभं राहून सांगायचं, येणारीनं मान डोलवायची. मान डोलवली की पेशंट तिचा. नवीन असताना मोठ्या सिस्टर सगळ्या पोरींना बजावायच्या, "चार्ज दिल्याशिवाय वॉर्डाबाहेर पाऊल टाकलंत, तर पेशंट तुमच्या मागोमाग घरी येतो, लक्षात ठेवा." पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हातारीला म्हणायचं होतं की काळजी पाठ सोडत नाही. एवढाच त्याचा अर्थ, सगळ्यांना ठाऊक होता.

खाली दार उघडलं. रस्त्यावर पावलं वाजली. च्यँव. च्यँव. आत्याचा डावा बूट गल्लीतून झपाझप लांब गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

६

"अहो बाई!" आत्या ओरडली. "अहो, माझे बूट!"

बाहेर कुठेतरी गाडी गेली. मग शांत झालं, आणि त्या शांततेत श्वास ऐकू आला.

एक आत, एक बाहेर. लांब, थोडा घरघरता, म्हाताऱ्या छातीचा. आपलाच असणार, असं म्हणून तिनं तोंडावर हात दाबून स्वतःचा श्वास धरला. तो चालूच राहिला. जुन्या घरातला वारा असेल, भिंतीतला नळ असेल. हे म्हणत असताना तिची नजर उशीवर होती. उशी मघाशी दारावरच्या बाईनं झटकली होती, तरी तिच्यात डोक्याएवढा खळगा होता. आत्या बघत असताना तो खळगा हळूच सरकला. ज्या बाजूला ती उभी होती त्या बाजूला वळला.

"सिस्टर," कोणीतरी म्हणालं, "जरा पाणी देता?"

मराठीत. इतके दिवस जिच्या कानावर आपल्या भाषेचा शब्द समोरासमोर पडला नव्हता, तिला ते ऐकून आधी काय वाटलं असेल? बरं वाटलं. ते तिनं पुढे कोणाला सांगितलं नाही, पण क्षणभर मन भरून आलं, आणि हात पेल्याकडे गेलासुद्धा. पेला उचलल्यावर मात्र, तो द्यायला पलंगावर कोणी नाही, हे तिला दिसलं. तिनं पेला ठेवला आणि मोज्यांनिशी जिन्यावरून धावत सुटली.

उंबऱ्याशी तिच्या बुटांच्या जागी लोकरी सपाता होत्या, टोकं घराकडे. त्यांना पाय न लावता तिनं त्या ओलांडल्या. मागून आवाज आला, रागाचा नाही, ओरडूनही नाही, जुन्या पेशंटचा सवयीचा आवाज. "सिस्टर? जाताय? कोणाला सांगून जाताय?"

गार फरशीवरून ती हॉटेलपर्यंत पळत गेली. उभ्या जन्मात पहिल्यांदा ती चार्ज न देता निघाली होती.

७

दुसऱ्या दिवशी नव्या चपला घालून ती स्टेशनाकडे निघाली, तेव्हा चौकात ती बाई दिसली. बाकावर बसली होती, ऊन खात. मोकळे केस, हातात सफरचंद, शेजारी छोटी बॅग. पाय पुढे पसरलेले, त्यात आत्याचे बूट. पाच-दहा वर्षांनी लहान दिसत होती. आत्याला संताप आला. जाऊन दोन शब्द सुनवावेत, भाषा कळो न कळो, म्हणून ती ताडताड पुढे झाली.

बाईनं वर पाहिलं. पण आत्याच्या तोंडाकडे नाही. तिची नजर आत्याच्या खांद्यामागे, जरा वरच्या बाजूला गेली, मागे उभ्या असलेल्या उंच माणसाकडे बघावं तशी. सफरचंद हातातून पडलं. बॅग उचलून ती पळत रस्ता ओलांडून गेली, एकदाही मागे न बघता.

आत्यानं वळून पाहिलं. मागे रिकामा चौक होता.

८

घरी येऊन तिनं ते वाक्य सांगितलं. खरं तर त्या घरातून पळाल्यावर तिला कशाचीच भीती उरली नव्हती. सकाळच्या चहाला, बशी खाली ठेवत म्हणाली, "दादा, मी आता वेगळी राहणार. खोली घेतलीय मी."

दादानं हातातला कप खाली ठेवला. वहिनी म्हणाली, "ऑपरेशनच्या तोंडावर? आम्ही काय वाईट केलं गं तुझं?"

"काहीच नाही. तुम्ही वाईट असतात तर केव्हाच गेले असते."

ती गेली. दादाच्या ऑपरेशनला डॉक्टरांना भेटली, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि संध्याकाळी स्वतःच्या खोलीत परतली. वहिनी तिच्याशी चकार शब्द बोलली नाही. आत्या रडली, पण रडली ती स्वतःच्या दारामागे.

खोलीत एक पलंग होता, नवी गादी, नवी कोरी चादर. पहिले दिवस ती चटईवरच झोपली, पलंग बघायलाच छान वाटायचा म्हणून. मग एका सकाळी ती भाजी घेऊन आली, कुलूप काढलं, चपला काढल्या. पिशवी तशीच हातात राहिली.

चादर चुरगळली होती. खांद्याशी रुंद, कमरेशी खोल. टाचा पार पायथ्याशी.

गादी बसली असेल. दुकानदारानं फसवलं असेल. तिनं हे सगळं म्हणून पाहिलं. मग जवळ गेली आणि हाताचा तळवा ठेवला. कोमट.

"फार उशीर केलात सिस्टर," उशी म्हणाली. "मी आपला मागोमाग आलो. काय करणार?"

आत्या भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटी तिनं भाजी ओट्यावर ठेवली, पेला धुतला आणि भरला. काठापर्यंत नाही.

९

वहिनी आली ती महिन्याभरानं, दुपारी. दार उघडंच होतं. हातात डबा, चेहरा उतरलेला.

"राग सोड बाई," ती उंबऱ्यावरच म्हणाली, "आणि आधी माझं ऐकून घे. पंधरा दिवस ह्यांचं अंथरूण-पांघरूण केलं, उठवलं, बसवलं. कंबर मोडली माझी. तेव्हा कळलं गं मला. आमच्या सगळ्यांचं तू केलंस आणि आम्ही एकदासुद्धा विचारलं नाही, की तू दमलीस का."

बोलता बोलता तिनं चपला काढल्या आणि आत आली. आत्याचे डोळे भरून आले. हे ऐकायला तिनं सगळा जन्म वाट पाहिली होती. डोळे पुसता पुसता ती उगीच वाकली आणि परत सरळ झाली.

"किती वाळलीस! झोपत नाहीस का? ते काही नाही, आता मी चार दिवस राहते इथे. तू दादाकडे जा, मस्त आराम कर. इथलं काय ते मी बघते, सांग मला काय काय करायचं." वहिनीनं पदर खोचला आणि पलंगाकडे वळली. "आणि हे काय? जन्मभर लोकांचे बिछाने घातलेस, तुझाच असा चुरगळलेला? सरक, मी करते नीट."

आत्याची नजर दाराशी गेली. वहिनीच्या चपला उंबऱ्याशी नीट ठेवलेल्या होत्या, टोकं बाहेर. वहिनीनं काढल्या तेव्हा त्या आतल्या बाजूला होत्या. त्या कोणी फिरवल्या, हे तिला आपल्या हातांकडे बघून कळलं. मघाशी ती वाकली होती ती त्यासाठी.

आणि खोटं कशाला बोला, त्या चपलांकडे ती एक क्षण बघत राहिली. तिच्याच मापाच्या होत्या. खाली रस्ता होता, ऊन होतं. पेला दाखवायचा, पडदा दाखवायचा, वहिनी म्हणणार होती, हो, हो, कळलं.

वहिनीचा हात चादरीला लागणार, तोच आत्यानं तिचं मनगट धरलं. इतक्या जोरात, की बांगडी पिचली.

"हात लावू नकोस!"

"अगं..."

"लावू नकोस म्हणते ना! जा तू. आत्ताच्या आत्ता जा."

ती वहिनीला ओढतच दाराशी घेऊन गेली. खाली बसली, एकेक पाय उचलून तिच्या पायात चपला घातल्या, लहान मुलाला घालतात तशा. वहिनीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "एवढी परकी झाले मी तुला? माफी मागायला आले होते गं मी."

"वहिनी," आत्या खाली बसूनच म्हणाली, "ह्या घरात परत कधी चपला काढू नकोस. माझी शपथ आहे तुला."

वहिनी जिना उतरून गेली. तिची पावलं रस्त्याला लागेपर्यंत आत्या ऐकत राहिली. मग तिनं दार लावलं, आतून कडी घातली. डबा ओट्यावर तसाच होता, अजून गरम.

"कोण आलं होतं, सिस्टर?"

"कोणी नाही," आत्या म्हणाली. "झोपा तुम्ही."

तिनं पडदा अर्धा ओढला आणि खुर्ची पलंगाजवळ घेतली.